वाडे आणि दुकाने यांचा एकत्रित पुनर्विकास : आराखडा ठरण्याआधी रहिवाशांना कसे सामील करून घ्यावे?

प्रश्न : गल्ली समितीचा सचिव, जुने नाशिक

नमस्कार. भद्रकाली परिसरातील आमच्या गल्लीत एकमेकांना खेटून उभे असलेले चार वाडे आणि त्यांच्या टोकाला एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची तीन मजली इमारत, अशा पाच मिळकतींचा एकत्रित पुनर्विकास करावा, असा विचार सुरू झाला आहे. वाड्यांच्या मालकीत दोन-तीन पिढ्यांचे वारस आहेत, आतल्या खोल्यांत पागडीचे, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहणारे, जुने भाडेकरू आहेत, आणि रस्त्याच्या अंगाला भांड्यांचे दुकान, पिठाची गिरणी, दूध डेअरी, शिंपी, दागिने घडवणारे कारागीर असे व्यवसाय चालतात. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक मिळकतींच्या नोटिसा येतात, कुठेतरी एखादी मातीची भिंत खचते, आणि पुढचे चार महिने सगळे जीव मुठीत धरून राहतात. त्यामुळे पुनर्विकासच नको, असे म्हणणारे आमच्यात कोणी नाही.

अडचण निराळी आहे. एका विकासकाने प्राथमिक आराखडा आणला. त्यात तळमजला आणि पहिला मजला दुकानांना, दुसरा मजला कार्यालयांना आणि त्यावर घरे अशी मांडणी आहे. बैठक बोलावली, पडद्यावर चित्रे दाखवली, आणि शेवटी संमतीपत्रे वाटण्यात आली. बैठकीत जवळजवळ कोणी बोलले नाही. बैठक संपल्यावर मात्र जिन्यापाशी बराच वेळ चर्चा रंगली. गिरणी कोणत्या मजल्यावर जाणार, वाड्याच्या ओट्यावर रोज सकाळी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींचे काय, चौकातील तुळशीवृंदावन आणि आड कोणाच्या वाट्याला, दोन-तीन वर्षे दुकान बंद राहिले तर गिऱ्हाईक परत येईल का, हे सगळे प्रश्न तिथे निघाले. यांतला एकही प्रश्न बैठकीच्या इतिवृत्तात नाही.

लोकांनी आराखड्याला केवळ होकार वा नकार न देता तो घडवण्यात भाग घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी सुरुवात कुठून करावी, कोणाला बोलवावे, काय विचारावे आणि कायद्याने कोणाला किती अधिकार आहे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : वास्तुरचनाकार, गंगापूर रोड

सचिव महोदय, तुमच्याकडे सही घेण्याचा टप्पा पहिल्याच बैठकीत आला. तो खरे तर सर्वांत शेवटचा टप्पा आहे. एका अर्थाने आपली सगळी व्यवस्थाच या क्रमाने चालते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ नुसार शहराच्या विकास आराखड्यावरही हरकती आणि सूचना मागवल्या जातात त्या प्रारूप प्रसिद्ध झाल्यानंतर, म्हणजे रेषा कागदावर उमटल्यानंतर. एखाद्या गल्लीचा पुनर्विकास मात्र त्या क्रमाने करण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही. तुम्ही विकासक निवडण्याच्याही आधी रहिवाशांचा स्वतःचा मागणी-मसुदा तयार करू शकता आणि विकासकांकडून त्या मसुद्यावर प्रस्ताव मागवू शकता. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे, आणि पुढचे सांगणे हा मसुदा कसा तयार करावा याबद्दल आहे.

पहिले काम नोंदीचे. प्रत्येक खोली आणि प्रत्येक गाळा याचे क्षेत्रफळ तर मोजाच, परंतु तेवढ्यावर थांबू नका. दुकानदाराच्या दृष्टीने क्षेत्रफळापेक्षा दर्शनी रुंदी महत्त्वाची असते. आज बारा फूट रुंद आणि पंधरा फूट खोल असलेल्या दुकानाला नव्या इमारतीत आठ फूट रुंद आणि साडेबावीस फूट खोल गाळा दिला, तर कागदावर १८० चौरस फूट कायम राहतात. प्रत्यक्षात मात्र भांडी मांडायची जागा एक तृतीयांशाने घटते. पहिल्या मजल्यावरचे दुकान हे तर पुष्कळदा दुकान राहतच नाही. त्यामुळे नोंदीच्या तक्त्यात दर्शनी रुंदी, छताची उंची, थ्री-फेज जोडणी, मालाची चढउतार कुठे होते, सांडपाणी कुठे जाते, असे रकाने असायला हवेत. हे काम बाहेरच्या माणसांकडून न करवता गल्लीतल्याच महाविद्यालयीन मुलामुलींकडून करवून घ्या, कारण घरातली माणसे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात आणि नकाशा वाचायला शिकलेली चार माणसे वस्तीतच तयार होतात.

दुसरी नोंद वेळेची. मिश्र वापराच्या वस्तीत बहुतेक तंटे जागेवरून कमी आणि वेळेवरून अधिक होतात. पहाटे दुधाच्या क्रेट उतरतात, सकाळी शाळेच्या रिक्षा येतात, दुपारी टेम्पो लागतात, संध्याकाळी गिरणी सुरू असताना वरच्या मजल्यावर मुले अभ्यासाला बसतात. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस तासागणिक कागदावर मांडला, की घरांचा जिना आणि दुकानांचे मागचे दार वेगवेगळे का हवे, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. गिरणीची थरथर आणि ठोकाठोकीचा आवाज वरच्या घरांत जाऊ नये म्हणून हे व्यवसाय घरांच्या थेट खाली न ठेवता मागच्या अंगाला, वर केवळ मोकळी गच्ची असलेल्या भागात बसवता येतात. ही मागणी आराखड्याच्या आधी आली, तर तिचा खर्च नगण्य असतो. खांबांच्या जागा ठरल्यावर आली, तर ती मान्य होत नाही.

तिसरी गोष्ट जोत्याच्या उंचीची आहे, आणि जुन्या नाशकात तिच्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. दहीपूल, सराफ बाजार या भागात जोराचा पाऊस झाला की पाणी दुकानांत शिरते, कारण बाजारपेठेखालून सरस्वती नाला वाहतो. गोदावरीच्या पुराची पातळी तर आपण आजही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच सांगतो. २००८ चा पूर आणि त्यानंतर २०१६ व २०१९ चे पूर पाहिलेल्या माणसांना आपल्या उंबऱ्यापाशी पाणी नेमके कुठपर्यंत आले होते, हे बोटाने दाखवता येते. पूररेषेच्या नकाशावर हा तपशील इतक्या बारकाईने मिळणार नाही. म्हणून भिंतींवर त्या खुणा रहिवाशांकडून करून घ्या आणि रस्त्यापासून त्यांची उंची मोजा. पुढचा पेच असा, की जोते उंच केले तर दुकानाला पायऱ्या येतात, आणि पायऱ्या आल्या की म्हातारी माणसे व हातगाडीवरचा माल बाहेरच राहतो. जोते किती उंच असावे, उतार किती लांब द्यावा आणि माल जमिनीपासून किती वर ठेवायचा, याचा निर्णय दुकानदार व रहिवासी यांनी समोरासमोर बसून घेतला पाहिजे. तो निर्णय तुमच्या वतीने मी किंवा दुसऱ्या कोणत्याही तज्ज्ञाने घेऊ नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणि नकाशा पडद्यावर दाखवू नका. जवळच्या शाळेचे मैदान एका रविवारी मागून घ्या आणि प्रस्तावित घर व गाळा चुन्याची फक्की मारून खऱ्या मापात आखा. त्यात खाट, कपाट, शिलाई मशीन, वजनकाटा प्रत्यक्ष आणून ठेवा. दार उघडल्यावर ते खाटेला लागते हे ज्या क्षणी दिसते, त्या क्षणी बैठकीत गप्प बसणारी माणसे बोलू लागतात.

उत्तर २ : सहकार खात्यातून निवृत्त, नाशिकरोड

कायद्याच्या बाजूने थोडक्यात लिहितो, कारण तुमच्या पाच मिळकतींना एकच नियम लागू होत नाही आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय पाहावा. त्यानुसार पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेला दोन-तृतीयांश सभासदांची उपस्थिती लागते, निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, सभेचे चित्रीकरण करावे लागते, आणि विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी असावा लागतो. त्याच प्रक्रियेत आधी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा असतो, आणि सभासदांनी आपल्या सूचना त्याच टप्प्यावर लेखी द्यायच्या असतात. पुष्कळ संस्था हा टप्पा औपचारिकता म्हणून उरकतात. वास्तविक पाहता सभासदांच्या हातातले सर्वांत मोठे साधन तेच आहे.

वाड्यांना हा शासन निर्णय लागू नाही. तिथे मालकी मिळकत पत्रिकेवरील (प्रॉपर्टी कार्डवरील) नावांची, आणि भाडेकरूंचे संरक्षण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार. इमारत पाडून नवी बांधण्यासाठी भाडेकरूकडून जागा रिकामी करून घेतली, तर नव्या इमारतीत जागा मागण्याचा हक्क त्या कायद्यात आहे. मात्र तो ठरावीक पद्धतीने आणि मुदतीतच बजावावा लागतो, म्हणून प्रत्येक भाडेकरूने भाडेपावत्या, वीजबिले आणि पागडीचे कागद आजच एकत्र करून ठेवावेत आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

माझी सूचना अशी की, एकत्रित प्रकल्पासाठी संस्था, वाडामालक, निवासी भाडेकरू आणि व्यावसायिक या चारही गटांचे प्रतिनिधी असलेली एक समन्वय समिती लेखी ठरावाने स्थापन करावी. कायद्याने मताचा अधिकार नसलेल्यांनाही आपल्या ठरावाने म्हणणे मांडण्याचा आणि त्यावर लेखी उत्तर मिळवण्याचा अधिकार देता येतो. त्याला कोणताही कायदा आडवा येत नाही.

उत्तर ३ : भांडी व्यावसायिक, भांडी बाजार

वास्तुरचनाकार ताईंनी दर्शनी रुंदीबद्दल लिहिले, त्याबद्दल त्यांचे आभार मानतो. आमच्यासारख्यांचे म्हणणे इतक्या नेमकेपणाने मांडले गेलेले मी प्रथमच वाचले. मी त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली बांधकामाच्या काळातील व्यवसायाची. रहिवाशाला पर्यायी घराचे भाडे मिळाले की त्याची सोय होते, परंतु दुकानदाराचे नुसत्या भाड्याने भागत नाही. लग्नसराई आणि धनत्रयोदशी हे आमचे हंगाम आहेत. त्या काळात दुकान पेठेबाहेर असेल, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाशी जोडले जाते आणि परत येत नाही. म्हणून पाचही मिळकती एकदम न पाडता टप्प्याटप्प्याने पाडाव्यात, आणि पहिल्या टप्प्यात बांधलेल्या गाळ्यांत दुसऱ्या टप्प्यातील दुकाने तात्पुरती हलवावीत, ही मागणी मसुद्यात ठळकपणे घालावी. मुंबईच्या भेंडी बाजारात सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने हाती घेतलेला पुनर्विकास सुमारे साडेसोळा एकरांचा आहे. त्यात सुमारे ३२०० कुटुंबे आणि १२५० दुकाने येतात. २००९ मध्ये ट्रस्ट स्थापन झाल्यापासून ते काम टप्प्यांनीच चालले आहे. आपली गल्ली त्या मानाने फार लहान आहे, परंतु एवढ्या लहान जागेतही दोन टप्पे पाडता येतात. शिवाय नाशकात २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवसांत जुन्या गावात वाहने सोडत नाहीत, मग क्रेन आणि रेडीमिक्सच्या गाड्या कशा येणार? विकासकाच्या वेळापत्रकात सिंहस्थाचे महिने धरले आहेत का, हे लेखी विचारावे, कारण तेवढा काळ काम लांबले तर वाढीव भाडे कोण देणार हा प्रश्न पुढे निश्चित येतो.

दुसरी गोष्ट ओट्यावर बसणाऱ्या मावशींची. त्यांचे नाव मिळकत पत्रिकेवर नाही आणि भाडेपावतीही नाही, म्हणून त्या कोणत्याच गटात बसत नाहीत. परंतु सकाळी भाजीला येणारी माणसेच पुढे डेअरीत, गिरणीवर आणि माझ्यासारख्याच्या दुकानात शिरतात. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार शहराच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. खासगी ओट्यावरील विक्रेत्याला तो कायदा जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणत नाही, मात्र विक्रेत्याला निर्णयाच्या जागी बसवायचे हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. आपल्या समन्वय समितीत मावशींसाठी एक जागा ठेवावी, आणि नव्या इमारतीच्या दर्शनी भागात सावली व पाण्याचा नळ असलेला एक ओटा नकाशातच दाखवावा. नकाशात न दाखवलेला ओटा पुढे वाहनतळ होतो.

उत्तर ४ : भाडेकरू, रविवार कारंजा

वरील तिन्ही उत्तरे मोलाची आहेत. त्यांत घर चालवणाऱ्या बायकांचा उल्लेख मात्र कुठे आला नाही, म्हणून लिहिते.

दादा, तुमची बैठक किती वाजता होती? आमच्या वाड्याच्या अशाच एका बैठकीची वेळ संध्याकाळी साडेसातची होती. त्या वेळी घरोघरी स्वयंपाक सुरू असतो, नळाला पाणी आलेले असते, मुले घरी आलेली असतात. ज्या खोलीत दिवसातले सर्वाधिक तास आम्ही घालवतो, त्या खोलीचा निर्णय आमच्या अनुपस्थितीत होतो. दुपारी तीनच्या सुमारास, वाड्याच्या चौकातच, केवळ बायकांची वेगळी बैठक घ्यावी, आणि तिचे इतिवृत्त मुख्य बैठकीत बायकांपैकीच एकीने वाचून दाखवावे. म्हाताऱ्या माणसांकडे तर घरी जाऊनच बोलावे लागेल, कारण जिना उतरता येत नाही हीच त्यांची मुख्य अडचण आहे आणि नव्या इमारतीतील उद्वाहनाची, म्हणजे लिफ्टची, त्यांना सर्वांत जास्त गरज आहे. ती लिफ्ट बंद पडल्यावर दुरुस्तीचा खर्च कोण देणार, पागडीच्या भाड्यात राहणारी विधवा बाई महिन्याचा देखभाल खर्च कुठून भरणार, हे प्रश्नही त्यांच्याकडूनच येतील. दुकाने आणि कार्यालये यांच्याकडून देखभालीचा दर अधिक घेऊन घरांचा दर कमी ठेवता येईल का, याचा हिशोब सल्लागाराकडून आधीच करून घ्यावा. मिश्र वापराचा खरा लाभ रहिवाशाला मिळायचा असेल, तर तो इथेच मिळू शकतो.

खऱ्या मापात घर आखून पाहण्याची सूचना मला फार पटली. १९८० च्या दशकात मुंबईत भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन या आपल्या संघटनेच्या माध्यमातून घरांचे पूर्ण आकाराचे नमुने उभे करून प्रदर्शन भरवले होते. आतून पोटमाळा काढता यावा म्हणून त्यांनी चौदा फूट उंचीची खोली मागितली. तेवढ्याच जमिनीवर झोपायला आणि सामान ठेवायला जास्तीची जागा मिळेल, हा त्यांचा विचार होता. आपल्या वाड्यांतही माळ्यावर अर्धा संसार असतो. साठवणीचे धान्य, गौरी-गणपतीचे साहित्य, पाहुण्यांच्या गाद्या, सगळे तिथेच. नव्या घराच्या चटईक्षेत्रात हा माळा मोजला जात नाही, आणि म्हणून तो कोणाला आठवतही नाही. नोंदीच्या तक्त्यात माळ्यासाठी एक रकाना अवश्य ठेवावा.

चौकाबद्दलही सांगते. धुणे, पापड वाळवणे, लहान मुलांवर नजर ठेवणे, हळदीकुंकू, कोणाचे काही बरेवाईट झाले तर माणसांनी जमणे, हे सगळे चौकात होते. नव्या इमारतीत त्याच्या बदल्यात सातव्या मजल्यावरची गच्ची मिळाली, तर तिथे दोन वर्षांच्या मुलाला एकटे सोडता येत नाही. दुकानांच्या वर, पहिल्या निवासी मजल्याच्या पातळीवर मोकळा चौक ठेवता येतो का, हे ताईंनी कृपया सांगावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संमतीपत्रे गोळा करणे आम्ही तूर्त थांबवले आहे आणि विकासकाला तसे लेखी कळवले आहे. नोंदीच्या तक्त्यात दर्शनी रुंदी, छताची उंची, माळा, वीजजोडणी आणि व्यवसायाच्या वेळा असे रकाने घेतले आहेत. बायकांची बैठक दुपारी चौकात घेण्याचे ठरले असून तिची जबाबदारी दोन भाडेकरू ताईंनी घेतली आहे. भाजीवाल्या मावशींना समितीत घेण्यास दोन वारसांचा विरोध आहे. उद्या त्या जागेवर हक्क सांगतील, अशी त्यांना भीती वाटते. या भीतीचे निरसन कसे करावे, हे कोणी सांगू शकल्यास उपकार होतील.

उत्तर ५ : सहकार खात्यातून निवृत्त, नाशिकरोड

समितीतील जागा ही म्हणणे मांडण्यासाठी आहे, तिच्यामुळे मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे एक वाक्य स्थापनेच्या ठरावातच घालावे आणि त्यावर मावशींसह सर्वांच्या सह्या घ्याव्यात. ओट्याचा वापर पुढे भावी संस्थेच्या परवान्याने, ठरावीक शुल्कावर आणि ठरावीक वेळेत होईल, असेही नमूद करावे. वारसांची भीती कागदावर उत्तर मिळाले की बहुतेक वेळा शमते. ती बोलून शमण्याची वाट पाहू नये.

उत्तर ६ : वास्तुरचनाकार, गंगापूर रोड

चौकाबद्दल विचारले म्हणून लिहिते. दुकानांच्या छतावर, म्हणजे पहिल्या निवासी मजल्याच्या पातळीवर, मोकळा चौक ठेवणे बांधकामाच्या दृष्टीने शक्य आहे. त्यासाठी गळतीरोधक थर उत्तम दर्जाचा हवा, नाहीतर खालच्या दुकानदारांचा माल भिजेल आणि चौक दोन वर्षांत बंद करावा लागेल. वाळवणाला ऊन हवे असेल, तर चौकाच्या दक्षिणेकडील बाजू कमी उंचीची ठेवावी लागते. याचा अर्थ त्या बाजूची काही विक्रीयोग्य जागा विकासकाला सोडावी किंवा अन्यत्र हलवावी लागेल, आणि तो ते सहजासहजी मान्य करणार नाही. म्हणून वाटाघाटीला बसण्याआधी रहिवाशांनी आपापसांत ठरवावे, की चौकासाठी प्रत्येक जण आपल्या वाढीव क्षेत्रातील किती चौरस फूट सोडायला तयार आहे. तो आकडा प्रत्येक घराने स्वतः लिहून द्यावा. मैदानावर फक्की मारून घर आखाल, त्याच दिवशी शेजारी चौकही आखा आणि आकडे तिथेच गोळा करा.